थेंबाच्या जागी फुगे

कंडक्टरबाई : बसू नका आधी. वर बघा.

पेंटर : बघितलं, बाई. दारातूनच दिसलं.

कंडक्टरबाई : दारातून काय दिसणार? इथे या, माझ्या उशीपाशी. मान टाका मागे. आता सांगा, माझ्या डोक्यावर काय आहे?

पेंटर : फुलपाखरू.

कंडक्टरबाई : आणि काय असायला हवं होतं?

पेंटर : पेला.

कंडक्टरबाई : पेला! स्टीलचा, काठोकाठ भरलेला, बाहेरून घाम सुटलेला. त्या घामाचे थेंब जमायला मला पाच मंगळवार लागले. डाव्या हातात दोन सुया, उजव्या हातात तुमचा ब्रश. शेजारी हे मशीन माझं रक्त धुतंय आणि मी पेला रंगवतेय. आज येऊन आडवी झाले, सिस्टरनं सुया टोचल्या, वर बघते तर हे गुलाबी पाखरू माझ्याकडे बघून हसतंय. फुलपाखराला दात असतात का हो?

पेंटर : नसतात.

कंडक्टरबाई : याला आहेत. आणि कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा. जन्मभर पाट्या रंगवल्यात तुम्ही, तुमच्याच तोंडून ऐकू दे.

पेंटर : 'आमच्या रुग्णांची कला. खाट क्रमांक चार.'

कंडक्टरबाई : खाट चार म्हणजे मी. मी हे कधी काढलं? झोपेत?

पेंटर : छापलेलं आहे, बाई. फ्लेक्स. छतातले आपण रंगवलेले चौकोन उतरवून नवे बसवलेत आणि त्यांवर हे चिकटवलंय. घाईत केलंय. त्या टोकाला हवा राहिलीय, दिसतेय?

कंडक्टरबाई : मला सगळं दिसतंय. चार तास मला दुसरं काही दिसणारच नाहीये. अकरा महिने झाले, पेंटर! आधी या छतावर ओलीचा एक डाग होता. तुम्ही 'शांतता राखा'ची पाटी ठोकायला आलात आणि मला विचारलंत, बाई, चार-चार तास बघता तरी काय? मी म्हटलं, तो डाग. मंगळवारी त्यात उंट दिसतो, शनिवारी आमचा जुना डेपो मॅनेजर. तेव्हा तुम्हीच म्हणालात, हे छताचे चौकोन सुटे निघतात, एकेक खाली घेऊ, ज्याचा त्यानं रंगवायचा. मी मागितलं होतं का काही? ही हौस तुम्ही लावलीत आम्हाला.

पेंटर : हो. मीच.

कंडक्टरबाई : मग चिडा की थोडे! मी एकटीच घसा फोडतेय आणि तुम्ही उभे कसे, तर स्टॉप चुकलेल्या पॅसेंजरसारखे.

पेंटर : चिडून काय होतं, बाई? फ्लेक्सनं आधी माझं दुकान खाल्लं. आता छत खाल्लं. सवय झालीय.

कंडक्टरबाई : मला नाही झालेली. सहा नंबरवर बघा.

पेंटर : तिकडे नको.

कंडक्टरबाई : बघा म्हणते ना. घड्याळजींची जागा आहे ती.

पेंटर : फुगे आहेत.

कंडक्टरबाई : किती?

पेंटर : अकरा.

कंडक्टरबाई : त्या माणसानं सात मंगळवार एकच थेंब रंगवला. नळाच्या तोंडाशी लोंबणारा, आता पडेल मग पडेल असा एक थेंब. डोळ्याला ते घड्याळदुरुस्तीचं भिंग लावून. हात कापायचा म्हणून मनगट खाटेच्या कठड्यावर दाबून धरायचे. थेंब पुरा झाला आणि तिसऱ्या आठवड्यात गेले. आणि आता त्यांच्या नंबरावर फुगे! बारा वाजता त्यांची बायको येणार आहे इथे, ठाऊक आहे का?

पेंटर : वहिनी? आज?

कंडक्टरबाई : जनसंपर्काच्या साहेबांनी बोलावलंय. आज ते परीक्षक येणार ना, 'रुग्णस्नेही रुग्णालय' का काय त्या पुरस्काराचे? त्यांच्या फोटोत एक गेलेल्या रुग्णाची बायको हवी. त्या बाईनं तो थेंब अजून बघितलेलाही नाही. घड्याळजी घरी सांगायचेच नाहीत काय काढतायत ते. झालं की दाखवीन म्हणायचे. ती बिचारी नवऱ्याचं शेवटचं काम बघायला येतेय आणि हे तिला काय दाखवणार? कुणाचा तरी वाढदिवस?

पेंटर : हळू, बाई. प्रेशर वाढेल, मशीन वाजेल.

कंडक्टरबाई : वाजू दे. उशीखाली एक कागद आहे, तो ओढा. पाठ करायला दिलाय मला. वाचा.

पेंटर : 'हे फुलपाखरू रंगवताना मी माझा आजार विसरले. या रुग्णालयानं माझ्या आयुष्यात रंग भरले.'

कंडक्टरबाई : एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते मी. कधी चुकीचं तिकीट फाडलं नाही, कुणाचे सुट्टे बुडवले नाहीत. आणि आता या वयात, आडवं पडून, परक्या माणसांसमोर हे बोलू?

पेंटर : नका बोलू मग.

कंडक्टरबाई : एवढंच? 'नका बोलू'? पेंटर, इकडे बघा माझ्याकडे. खिडकीकडे नका बघू. तुम्हाला धक्का कसा बसला नाही हो?

पेंटर : बसला की.

कंडक्टरबाई : नाही बसला. तिकीट न काढलेला माणूस मी पाठीवरून ओळखते. तुम्हाला माहीत होतं.

पेंटर : एवढं माहीत नव्हतं.

कंडक्टरबाई : केवढं माहीत होतं?

पेंटर : मागच्या बुधवारी साहेबांचा फोन आला. म्हणाले, छतात थोडे बदल करायचेत, तुमची हरकत नाही ना? आणि म्हणाले, नवीन इमारत होतेय, तिथले खोल्यांचे नंबर, बाण, विभागांची नावं, सगळं हातानं लिहून हवंय. तुम्हीच करा. मग ऑफिसात बोलावून एका कागदावर सही घेतली.

कंडक्टरबाई : वाचलात कागद?

पेंटर : वरवर.

कंडक्टरबाई : जन्मभर अक्षरांत घालवलेला माणूस कागद वरवर वाचतो!

पेंटर : बाई, नऊ वर्षं झाली, कुणी मला अक्षर काढायला सांगितलेलं नाही. दुकानातल्या ब्रशांच्या काठ्या झाल्यात. आणि कुणीतरी फोनवर म्हणतं, हातानं लिहून हवंय. त्या दिवशी घरी जाऊन मी सगळे ब्रश धुतले. मला वाटलं, बदल म्हणजे असेल एखाद-दुसरा चौकोन.

कंडक्टरबाई : म्हणजे आमचं छत विकलंत तुम्ही.

पेंटर : विकलं नाही. गप्प बसलो.

कंडक्टरबाई : गप्प बसणाऱ्यांनाच तर दंड करायचे मी! तिकीट विचारलं की खिडकीबाहेर बघत बसायचे, ते! अहो, खाट नऊ आंधळा होत चाललाय, तरी तुमच्या भरवशावर त्यानं पाऊस काढला. तुम्ही त्याचा हात धरून काढून घेतलात. आणि तुम्हीच...

पेंटर : काय करू, सांगा. सांगाल ते करतो.

कंडक्टरबाई : मी का सांगू? मी तर मशीनला बांधलेली. पाय मोकळे आहेत ते तुमचे.

पेंटर : चौकोन कुठे टाकलेत तेवढं कळलं असतं तर...

कंडक्टरबाई : पडदा ओढा. कान आणा इकडे. भंगारात टाका म्हणून हुकूम होता. पण कुणीतरी ते जुन्या चादरींत गुंडाळून कपड्यांच्या खोलीत ठेवलेत, कपाटामागे. कुणी, ते विचारू नका. तिची नोकरी दर सहा महिन्यांनी नव्यानं लागते.

पेंटर : समजलं. शिडी आहेच माझी. फार तर अर्धा तास, सगळे परत वर बसवतो.

कंडक्टरबाई : डोकं ठिकाणावर आहे ना? माणसं मशीनवर असताना छत उघडणार? आमच्या सुयांवर धूळ पाडणार? एवढंही शिकला नाहीत इथे येऊन?

पेंटर : मग?

कंडक्टरबाई : वर कशाला? ज्याचा त्याला द्या. मांडीवर. एकेक हात तर मोकळा आहे प्रत्येकाचा. जा आता. आणि पेंटर...

पेंटर : हं?

कंडक्टरबाई : माझा राग गेलेला नाही.

*

साहेब : काय काकू, झालं का पाठ? अगदी सहज वाटायला हवं हं. वाचल्यासारखं नको.

कंडक्टरबाई : मी तुमची काकू नाही. आणि पाठ काही झालेलं नाही, कारण हे फुलपाखरू मी काढलेलं नाही.

साहेब : अहो, ते प्रतीक आहे! तुमचाच उपक्रम आम्ही पुढे नेलाय. फक्त थोडा प्रोफेशनल टच.

कंडक्टरबाई : आमच्या उपक्रमात काय होतं, ते तरी बघितलं होतंत का कधी मान वर करून?

साहेब : बघितलं ना, म्हणून तर बदलावं लागलं. बारा चौकोन आणि बाराही पाणी! नळ, विहीर, माठ, पाऊस. एकानं तर नुसती ओली फरशी काढली होती. बाहेरचा माणूस वर बघून काय म्हणेल? म्हणेल, या रुग्णालयात पेशंटला पाणी देत नाहीत!

कंडक्टरबाई : नाहीच देत!

साहेब : काकू...

कंडक्टरबाई : दिवसाला तीन पेले. चहा, औषधाच्या गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यात धरून. जास्त झालं की छातीत पाणी भरतं, म्हणून डॉक्टर मोजून देतात. डॉक्टरांचं काही चुकत नाही. पण तहान थोडीच मोजून लागते? तुमच्या मागे तो पाण्याचा कूलर आहे ना, त्याचा बुडबुडा वाजला की बाराच्या बारा माना तिकडे वळतात. आम्हाला ब्रश देऊन सांगितलं, जे बघावंसं वाटतं ते काढा. कुणी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांनी पाणी काढलं. आणि त्यात तुम्हाला तुमची बदनामी दिसली?

साहेब : भावना कळतात मला. पण इन्फेक्शनचाही मुद्दा होता. हातानं लावलेले रंग...

कंडक्टरबाई : इन्फेक्शनच्या कमिटीचं पत्र सिस्टरच्या टेबलावर काचेखाली आहे. रंग चालतो, वरचा थर पुसता येतो, असं लिहिलंय. ते वाचून मग काढा मुद्दा.

साहेब : बरं, ते राहू द्या. लोकांना उमेद देणारं काहीतरी हवं असतं, एवढंच म्हणतोय मी. आता तो सहा नंबरचा एकुलता एक थेंब. किती उदास दिसायचं ते!

कंडक्टरबाई : तो माणूस मेला, साहेब. उदासच आहे ते.

साहेब : हे बघा, मी स्पष्ट बोलतो. सकाळची बॅच फार भरलीय. काही पेशंट संध्याकाळच्या बॅचला हलवायचेत. यादी प्रशासनाकडे आहे, मी तिथे शब्द टाकू शकतो. सहकार्य करणाऱ्यांसाठी टाकतोही.

कंडक्टरबाई : आणि न करणाऱ्यांसाठी?

साहेब : मी तसं काही म्हटलं नाही.

कंडक्टरबाई : म्हटलंत. संध्याकाळची बॅच नऊला सुटते. माझ्या बाजूची शेवटची बस साडेसातची. त्याच रूटवर मी घंटी मारलीय, मला वेळापत्रक सांगू नका. चार तास रक्त धुऊन बाहेर पडलेल्या बाईला तुम्ही रस्त्यावर उभी करणार? एका फुलपाखरासाठी?

साहेब : तुम्ही उगाच ताणताय. दोन वाक्यं आहेत फक्त!

(पेंटर ढकलगाडी घेऊन आत येतो. गाडीवर चादरींत गुंडाळलेले चौकोन.)

साहेब : हे काय आणलंत? हे टाकून द्यायला सांगितलं होतं मी.

पेंटर : हो. मला सापडले.

साहेब : कुठे सापडले? कुणी काढून दिले?

पेंटर : मी शोधले.

साहेब : तुमची सही आहे, पेंटर. हरकत नाही म्हणून. फाइलला लावलीय.

पेंटर : आहे. मीच केलीय. आता हरकत आहे.

साहेब : आणि नव्या इमारतीच्या पाट्या? त्यांचं काय?

पेंटर : छापून घ्या. खाट नऊ, हा घ्या तुमचा पाऊस. जपून, एका कोपऱ्याचा टवका गेलाय, पण पाऊस शाबूत आहे. खाट एक, तुमची विहीर. दोन, तुमची फरशी, धरा नीट. बाई, हा तुमचा पेला.

कंडक्टरबाई : मांडीवर ठेवा. उभा. हां, असा.

साहेब : सिस्टर! अहो सिस्टर, थांबवा यांना!

कंडक्टरबाई : ती अकरा नंबरचं प्रेशर बघतेय. तिला यात ओढू नका.

साहेब : परीक्षक लिफ्टपाशी पोचलेत! तुम्हाला कल्पना आहे का, वर्षभराची मेहनत आहे माझी!

कंडक्टरबाई : आमची अकरा महिन्यांची. जा, पाहुण्यांना दार उघडा.

*

साहेब : आणि हा आमचा डायलिसिस विभाग, मॅडम. इथे दर मंगळवारी कलेचा तास होतो. आपण जरा छताकडे बघावं. सगळी निर्मिती रुग्णांची.

परीक्षक : वा, रंगीत आहे. आणि यांच्या मांडीवर काय आहे?

साहेब : तो सराव, मॅडम. कच्चं काम.

परीक्षक : बघू का तुमचं, बाई?

कंडक्टरबाई : बघा. अगदी जवळून बघा. हे मी काढलंय. आणि वर आहे ते छापखान्यातून आलंय.

साहेब : मॅडम, या काकूंना आज सकाळपासून जरा त्रास होतोय...

कंडक्टरबाई : होतोय. खोटं बोलायचा कागद हातात दिल्यापासून होतोय. हा बघा तो. यांचंच टायपिंग आहे.

परीक्षक : थांबा साहेब, त्यांना बोलू दे. वरचं एकही चित्र इथल्या रुग्णांचं नाही?

कंडक्टरबाई : एकही नाही. काल रात्री, विभाग रिकामा झाल्यावर लावलंय. आमचे नंबर तेवढे खरे आहेत.

परीक्षक : आणि खाली सगळ्यांनी पाणीच काढलंय. तुमचा पेला, त्यांचा पाऊस, ती विहीर. असं का?

कंडक्टरबाई : ते साहेबांना विचारा. मघाशीच सांगितलंय मी त्यांना.

साहेब : म्हणजे, वैद्यकीय कारणानं... यांना पाणी मोजून असतं. दिवसाला तीन पेले.

परीक्षक : हे तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही ते उतरवलंत.

साहेब : उतरवलं म्हणजे, पर्याय दिला, मॅडम. आपण असं करू, या ताईंना भेटा. आमचे एक कलाकार रुग्ण होते, घड्याळं दुरुस्त करायचे. दुर्दैवानं गेले. या त्यांच्या पत्नी, मुद्दाम आल्यात. या ताई, अशा पुढे या. वर बघा, सहा नंबरवर. तुमच्या मिस्टरांची आठवण आम्ही जपलीय.

वहिनी : कुठे?

साहेब : ते काय, फुगे.

वहिनी : ते त्यांचं नाही.

साहेब : तुम्ही आधी पाहिलं नव्हतं ना, म्हणून तुम्हाला वाटतंय तसं.

वहिनी : पाहिलं नव्हतं. पण अडतीस वर्षं संसार केलाय त्यांच्याबरोबर. अकरा फुगे? पहिल्या फुग्याचा दोरा मनासारखा लागेपर्यंत बाकीचे दहा राहून गेले असते त्यांचे. लोक दुकानात येऊन ओरडायचे, एवढा काय वेळ लावता म्हणून. दुसऱ्याचं काम त्यांच्या नंबरावर का लावलंत हो, साहेब? गिऱ्हाइकाच्या घड्याळातला भाग बदलला, असा आळ त्यांच्यावर कधी आला नव्हता. ते गेल्यावर तुम्ही आणलात.

साहेब : ताई, तसा हेतू नव्हता...

कंडक्टरबाई : पेंटर, नुसते उभे काय? द्या ना त्यांना.

पेंटर : वहिनी, हे त्यांचं. दोन्ही हातांनी धरा.

वहिनी : हे?

पेंटर : हो. एवढंच.

वहिनी : मला चष्म्याशिवाय... थांबा, जवळ नेते. थेंबात काहीतरी आहे. खिडकी आहे का ती?

पेंटर : ही समोरचीच खिडकी. भिंगातून बघून काढलीय. चार गज आहेत, चारही काढलेत. तिसरा वाकडा आहे तो चुकून नाही, खिडकीचाच वाकडा आहे. बघा ना.

वहिनी : आहे खरा.

परीक्षक : साहेब, माझ्या यादीत एक रकाना आहे, 'रुग्णांचा सहभाग'. त्यात मी काय लिहू?

साहेब : आपण केबिनमध्ये बसून बोलू या का, मॅडम? चहाही सांगितलाय.

परीक्षक : चहा नको. इथेच सांगा, यांच्यासमोर.

*

पेंटर : मोठे डॉक्टर स्वतः खाली आले होते. रविवारी विभाग बंद असतो, तेव्हा आपले चौकोन परत वर बसवायचे. साहेबांच्या तोंडावर म्हणाले.

कंडक्टरबाई : आणि माझी बॅच?

पेंटर : पुरस्काराचं पुढच्या महिन्यात कळेल म्हणे. त्या परीक्षक बाई नुसत्या लिहीत होत्या.

कंडक्टरबाई : पुरस्कार गेला खड्ड्यात. माझी बॅच?

पेंटर : यादी लागलीय बाहेर. पुढच्या मंगळवारपासून संध्याकाळ. तुम्ही आणि खाट नऊ.

कंडक्टरबाई : बघा! चित्रं परत आली, कारण ती न आणली तर चार लोक विचारतील. माणसं हलवली तर कोण विचारतंय? आणि खाट नऊनं काय केलं होतं? तोंडसुद्धा उघडलं नाही त्यानं. नुसता पाऊस धरून बसला होता. त्याला रात्री दिसत नाही, पेंटर. तो घरी कसा जाणार?

पेंटर : मी सोडीन दोघांना. स्कूटर आहे.

कंडक्टरबाई : तुमच्या स्कूटरला शिडी बांधलेली असते. आम्ही काय पायऱ्यांवर बसू?

पेंटर : शिडी घरी ठेवीन.

कंडक्टरबाई : ठेवाल हो, दोन आठवडे. मग तुमचा गुडघा दुखेल, मग पाऊस येईल. उपकार नकोत मला, माझी सकाळची पाळी हवीय. अर्ज करायचाय मोठ्या डॉक्टरांना. अक्षर तुमचं चांगलं आहे, तुम्ही लिहा, मी सांगते. तुम्हाला आलेला फोनही त्यात लिहायचा. सही कशी घेतली, बदल्यात काय कबूल केलं, सगळं. लिहाल?

पेंटर : माझंही नाव खराब होईल त्यात.

कंडक्टरबाई : होईल.

पेंटर : लिहितो. कोरे कागद घेऊन येतो ऑफिसातून.

कंडक्टरबाई : त्यांच्या ऑफिसातून नको. समोरच्या दुकानातून आणा. आणि रेघांचे आणू नका, तुम्हाला गरज नाही.

पेंटर : आलोच.

कंडक्टरबाई : वहिनी, तुम्ही अजून उभ्याच? ओढा ते स्टूल. तो चौकोन ठेवा माझ्या पायांशी, मी पाय हलवत नाही. तोंड किती सुकलंय तुमचं!

वहिनी : बसस्टॉपपासून चालत आले ना. बाटली आहे पिशवीत. बाहेर जाऊन पिऊन येते.

कंडक्टरबाई : बाहेर कशाला?

वहिनी : तुम्हा सगळ्यांसमोर बरं वाटत नाही. घरीसुद्धा मी त्यांच्यासमोर कधी पीत नसे. पाच वर्षं. स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहायची, नळ अगदी बारीक सोडायची आणि पटकन पिऊन घ्यायची. त्यांना कधी कळू दिलं नाही.

कंडक्टरबाई : कळत होतं त्यांना.

वहिनी : नाही हो. ते बाहेरच्या खोलीत असायचे.

कंडक्टरबाई : आम्हाला सांगितलं होतं त्यांनी, थेंब काढताना. म्हणाले, बायको नळ बारीक सोडते. मला मनगटी घड्याळाच्या पोटातलं ऐकू येतं, नळ ऐकू येणार नाही का? हसत होते सांगताना. मग म्हणाले, तिनं माझ्यासमोर बसून प्यावं. कुणीतरी पोटभर पितंय, हे बघायला मला आवडेल.

वहिनी : मग मला का नाही म्हणाले?

कंडक्टरबाई : तुम्ही इतकं जपून करत होतात. त्यांना ते मोडवलं नसेल.

वहिनी : पाच वर्षं...

कंडक्टरबाई : काढा ती बाटली.

वहिनी : इथे?

कंडक्टरबाई : इथेच. आणि माझ्याकडे तोंड करून प्या.